बिनपगारी, फुल अधिकारी

वाण्याच्या दुकानात माणसं दोनच असायची. एक वाणी, दुसरा पोऱ्या. खरेदी, विक्री, हिशेब, उधारी, वसुली, तक्रारी आणि कोणाच्या मुलीचं कुठे जमतंय याची बित्तंबातमी, एवढी सगळी खाती वाणी एकटा गादीवर बसून सांभाळायचा. राहिलेलं सगळं पोऱ्याकडे. पोती उचलायची, पुड्या बांधायच्या, सामान घरपोच करायचं आणि वरून वाण्याच्या शिव्या खायच्या. पोऱ्याला बढतीचा मार्ग एकच होता. बरीच वर्षं शिव्या खाऊन झाल्या की तो पलीकडच्या गल्लीत स्वतःचं दुकान टाकायचा आणि गावाहून नवा पोऱ्या आणायचा.

आता त्याच किराण्याच्या धंद्यात किती खाती निघाली आहेत पाहा. आमच्या भागात एका मोठ्या साखळीचं सुपरमार्केट आहे. त्याच्या दाराशी ‘त्वरित पाहिजेत’ असा बोर्ड बारा महिने लटकलेला असतो. कॅशिअर, पॅकर, सेल्स असोसिएट, माल उतरवून घेणारे, हाऊसकीपिंग, सिक्युरिटी, सुपरवायझर, डिपार्टमेंट मॅनेजर आणि या सगळ्यांच्या डोक्यावर स्टोअर मॅनेजर. शिक्षण दहावी-बारावी, अनुभवाची अट नाही, पीएफ आणि ईएसआयसी लागू, थेट मुलाखत. म्हणजे वाण्याच्या त्या एका देहात निदान आठ अधिकारी दाटीवाटीने राहत होते आणि त्यांतल्या एकाचाही पीएफ कापला जात नव्हता.

पीएफला हसू नका. ‘मुलगा दुकानात कामाला आहे’ म्हटलं की मुलीकडचे चहा अर्धा टाकून उठतात. ‘रिटेलमध्ये आहे, पीएफ कापतात’ म्हटलं की तेच लोक पोह्यांवर लिंबू पिळून घेतात. काम तेच, पोती तीच. फक्त पोत्याला आता एसकेयू म्हणतात.

मात्र एक हुद्दा त्या बोर्डावर कधीच लिहिलेला नसतो आणि सगळं दुकान चालतं ते त्याच्या जिवावर. तो हुद्दा तुमचा आणि माझा.

याचं श्रेय अमेरिकेतल्या मेम्फिस शहरच्या क्लॅरेन्स सॉन्डर्स या गृहस्थांचं. तोवर तिथेही आपल्यासारखाच कारभार होता. गिऱ्हाइकाने काउंटरच्या बाहेरून यादी सांगायची, आतल्याने फळीवरून काढून द्यायचं. ६ सप्टेंबर १९१६ रोजी सॉन्डर्सनी ‘पिगली विगली’ अशा बडबडगीतात शोभेल अशा नावाचं दुकान उघडलं. गिऱ्हाइकाच्या हातात टोपली दिली, त्याला फळ्यांमध्ये सोडून दिलं आणि पैसे घ्यायला दाराशी माणूस बसवला. पुढच्याच वर्षी या व्यवस्थेचं पेटंटसुद्धा घेतलं. लोकांना वाटलं, वा, काय हे स्वातंत्र्य! खरं म्हणजे पोऱ्याचा पगार वाचवण्यासाठी पोऱ्याचं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातलं होतं. आणि गिऱ्हाईक ते नटूनथटून, मुलाबाळांना घेऊन, रविवारी करायला लागलं. एवढी मोठी बिनपगारी भरती सैन्यातही होत नाही.

तरी एक अडचण राहिली होतीच. हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी आवरतं घेई. ओक्लाहोमा सिटीच्या सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराने १९३७ साली टोपलीला चाकं लावली. पण लोक हात लावीनात. पुरुषांना वाटे, आपण काय एवढे लेचेपेचे आहोत? बायका म्हणत, आजवर बाबागाड्या ढकलल्या तेवढ्या पुरे झाल्या. शेवटी गोल्डमननी वेगवेगळ्या वयाची माणसं पगारावर ठेवली. त्यांचं काम एकच, गिऱ्हाईक असल्याचा आव आणून ट्रॉली ढकलत दुकानभर फिरायचं. ते पाहून खरी गिऱ्हाइकंही ढकलायला लागली. सुपरमार्केटच्या शंभर वर्षांच्या इतिहासात मला खरोखर हेवा वाटावा अशी नोकरी हीच. दिवसभर खरेदी, आणि पैसे मिळतात आपल्याला!

आमच्याकडे या पदावर नवऱ्यांची नेमणूक झालेली आहे, अर्थात मानधनाशिवाय. सुपरमार्केटात शिरल्यावर नवऱ्याचे सगळे अधिकार काढून घेतले जातात आणि त्याच्याकडे फक्त ट्रॉली राहते. बायकोने फळीवरून काढायचं, आत टाकायचं, त्याने पुढे सरकायचं. मधूनच स्वतःच्या अकलेने त्याने काही टाकलं तर पुढच्या वळणावर ते निमूट बाहेर काढलं जातं. या नोकरीतली खरी कसोटी लागते ती बिलाच्या रांगेत. ‘तुम्ही लाइनीत उभे राहा, मी तूप घेऊन आलेच,’ असं सांगून बाई जाते. आता एरवी त्या रांगा काय चालीने सरकतात ते सर्वांना ठाऊक आहे. पण बाई तुपाला गेली की तीच रांग राजधानी एक्सप्रेससारखी सुटते. पुढचे चार जण नुसत्या बिस्किटपुड्याचे निघतात. नवरा काउंटरपाशी येऊन पोचतो, अर्धी ट्रॉली पट्ट्यावर रिकामी होते, आणि तूप अजून वाटेतच. मग तो एक एक वस्तू तिची जन्मतारीख वाचल्यासारखी हळूहळू काढतो. फोन लावतो, तो ट्रॉलीतल्याच पर्समध्ये वाजतो. मागचे काका घसा खाकरतात. तेही मुळात नवरेच असतात, त्यांचीही बाई रव्याला गेलेली असते, त्यामुळे ते घसा खाकरण्यापलीकडे जात नाहीत. शेवटी तूप येतं, बरोबर न ठरलेल्या तीन वस्तू येतात, आणि ‘एवढ्यात नंबर आला पण?’ असं त्यालाच ऐकावं लागतं.

असो. पगारी मंडळींकडे वळू.

बिलिंगच्या मुलीला मी पुष्कळदा निरखून पाहतो, कारण रांगेत उभं राहून दुसरं करायला काही नसतं. वय विशीचं, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, मनगटाला रबरबँड. वस्तू हातात आली की न बघता तिची बोटं बारकोड शोधतात. टिक्. टिक्. टिक्. हा टिक् पहिल्यांदा वाजला तो २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉय नावाच्या गावी, च्युइंगमच्या पाकिटावर. वाण्याला हजार वस्तूंचे भाव तोंडपाठ असत, या मुलीला एकही पाठ असावा लागत नाही. पण मेख अशी की मसाल्याच्या पाकिटाला सुरकुती पडलेली असते, दुधाच्या पिशवीला पाणी सुटलेलं असतं आणि यंत्र मख्खपणे गप्प बसतं. मग ती वस्तू ओढणीला पुसते, पुन्हा दाखवते, वाकडी करून दाखवते, आणि अखेर तेरा आकडे हाताने टाइप करायला घेते. आपल्याकडे नोंदलेल्या मालाचा बारकोड ८९० ने सुरू होतो, तेवढं तिच्या बोटांत मुरलेलंच असतं. चालणाऱ्या मालाचे तर पुरे तेराच्या तेरा आकडे पाठ. भाव पाठ करण्याच्या त्रासातून यंत्राने सुटका केली ती ही अशी.

त्यात बोलायचं ठरवून दिलेलं. ‘नमस्कार सर, मोबाइल नंबर? कॅरीबॅग लागेल? चॉकलेटवर ऑफर आहे, घेणार का?’ हे प्रत्येकाला म्हणायचंच. नंबर विचारल्यावर काही गृहस्थ तिने लग्नाची मागणी घातल्यासारखे दचकतात. कॅरीबॅगचे वेगळे पैसे पडतात म्हटल्यावर चार हजारांचा किराणा घेतलेला माणूस तत्त्वाचा प्रश्न उभा करतो आणि मग तेलाचा डबा, अंडी आणि फिनेल हे सगळं कवेत धरून तत्त्वासकट पायऱ्या उतरतो. बिल पूर्ण झाल्यावर ‘हे नको, हे काढा’ म्हणणारे वेगळेच. टिक् केलेली वस्तू काढायचा अधिकार त्या मुलीला नसतो. ती मान उंच करून हाक मारते, ‘सर, व्हॉईड!’ मग कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेले सर गोदामाच्या बाजूने येतात, यंत्रात किल्ली फिरवतात, आणि अठ्ठावीस रुपयांचा साबण शासकीय इतमामाने रद्द होतो. रात्री गल्ला मोजताना पैसे कमी भरले की त्याला ‘शॉर्ट आला’ म्हणतात. त्या दोन शब्दांनी तिची झोप उडते. आपण मात्र ‘दोन रुपये सुटे नाहीत? मग चॉकलेट नको, दोन रुपयेच द्या’ म्हणून अडून बसलेलो असतो.

आणि हे सगळं उभ्याने. वाणी गादीवर बसायचा, मागे लोड असायचा. त्याच्या गादीवरची कामं आठ जणांत वाटली गेली, पण गादी कोणाच्याच वाट्याला आली नाही. केरळात कोझिकोडच्या दुकानांमधल्या बायकांनी बसायला मिळावं म्हणून आंदोलन केलं, तेव्हा कुठे २०१८ साली तिथल्या सरकारने कायद्यात खुर्ची घातली. तमिळनाडूने २०२१ साली घातली. खुर्चीसाठी आमदार-खासदार भांडतात ते रोज वाचतो आपण, पण काम करायला खुर्ची मागणारी माणसं या देशात याच धंद्यात सापडली. जर्मनीत आल्डी या साखळीतले कॅशिअर आरामात बसून काम करतात आणि बसल्या बसल्या असा माल सरकवतात की गिऱ्हाइकालाच पिशवी भरताना घाम फुटतो. तिथे वॉलमार्टही गेलं होतं, दाराशी स्वागताला माणूस ठेवून आणि सगळ्यांना हसायची तालीम देऊन. जर्मन लोकांना अनोळखी माणूस विनाकारण हसतो हे काही झेपलं नाही. वॉलमार्टने २००६ साली तिथला गाशा गुंडाळला. कारणं आणखी बरीच होती, पण मला हे एक मनापासून पटतं. हसणं हा हुद्द्याचा भाग झाला की दोन्ही बाजूंना कसंनुसं होतं.

फळ्या लावणाऱ्या मुलांची लढाई वेगळ्या आघाडीवर चालते. त्यांच्या धर्माचं पहिलं वचन म्हणजे फिफो. जो माल आधी आला तो आधी जावा, म्हणून जुनी पाकिटं पुढे आणि ताजी मागे लावायची. ही गोष्ट त्यांनी गुप्त ठेवली आहे असा त्यांचा समज. आमच्याकडच्या बायका दह्याच्या कपाला हात घालतात तो थेट कोपरापर्यंत, शेवटच्या रांगेत, आणि भिंतीला टेकलेला कप काढून तारीख वाचतात. त्यात दोन दिवसांचा फायदा होतो. ते दही त्याच दिवशी संध्याकाळी कढीत जाणार असतं, ही गोष्ट वेगळी. त्या बाईंची पाठ वळली की पोरगा पुन्हा सगळे कप पुढे ओढतो. तेवढ्यात दुसऱ्या बाई येतात. सकाळी दुकान उघडल्यापासून रात्री शटर पडेपर्यंत हा खेळ चालतो आणि दोन्ही पक्ष एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत.

बोलायची वेळ येते ती ‘साबुदाणा कुठे आहे हो?’ या प्रश्नावर. आपण ज्याला विचारतो तो हमखास कुठल्यातरी शाम्पूच्या कंपनीचा माणूस निघतो. त्याला प्रमोटर म्हणतात. पगार शाम्पूवाल्यांचा, उभा सुपरमार्केटात, शर्ट साधारण तसाच. साबुदाण्याविषयी त्याला सहानुभूती असते, माहिती नसते. खरा माणूस सापडतो तेव्हा तो म्हणतो, ‘काका, कालपर्यंत इथेच होता.’ कारण वरून प्लॅनोग्राम नावाचा नकाशा येतो. कुठली वस्तू कुठल्या फळीवर, किती उंचीवर, किती तोंडं बाहेर ठेवून लावायची हे त्यात ठरलेलं असतं. नकाशा बदलला की साबुदाणा रातोरात स्थलांतर करतो. आषाढीच्या आदल्या दिवशी मात्र तो प्रवेशद्वारातच डोंगरासारखा रचलेला असतो आणि तिथेच लोक येऊन विचारतात, ‘साबुदाणा कुठे आहे हो?’

बाहेर पडताना सिक्युरिटीवाले मामा बिल घेतात, ट्रॉलीकडे एकवार पाहतात आणि बिलावर शिक्का मारतात. हातभर लांबीचं बिल आणि भरगच्च ट्रॉली यांचा ताळा ते दोन सेकंदांत कसा घालतात, हे सीए लोकांनी त्यांच्याकडून शिकून घेण्यासारखं आहे. चोरी माणसाच्या चेहऱ्यावर दिसते, असं त्यांचं शास्त्र. माझ्या चेहऱ्यावर त्यांना रोज काहीतरी दिसतं, कारण माझी पिशवी ते दोनदा बघतात.

स्टोअर मॅनेजरचं दुःख कोणाला सांगून पटायचं नाही. शनिवार-रविवार लोक खरेदीला येतात म्हणून त्याला सुट्टी नाही. महिन्याचा पहिला आठवडा पगाराचा म्हणून नाही. दिवाळी तर विचारूच नका. फराळाच्या साहित्याने दुकान भरून वाहत असतं आणि घरी बायको विचारते, ‘बेसन आणलंत का?’ तो विसरलेला असतो. त्याचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस बहुधा मंगळवार, त्यामुळे त्याला लग्नांना जाता येत नाही, फक्त सत्यनारायण मिळतात. नातेवाईक त्याला माणूस न समजता हेल्पलाइन समजतात. मामी फोन करते ती खुशालीसाठी नव्हे. ‘अरे, तेलाचा डबा कधी उतरणार?’ काका विचारतात, ‘शेअर घेऊन ठेवू का रे तुमच्या कंपनीचा?’ त्याच्या हातात तेलही नसतं आणि शेअरही.

शेअरवरून आठवलं. या धंद्यात करिअर होतं का, असं आईबाप विचारतात त्यांना दोन-तीन उदाहरणं देता येतील. डग मॅकमिलन १९८४ साली उन्हाळ्याच्या सुट्टीत वॉलमार्टच्या गोदामात तासाच्या बोलीवर ट्रक उतरवायला लागले आणि २०१४ साली त्याच कंपनीचे मुख्याधिकारी झाले. म्हणजे शिडी आहे. फक्त पायऱ्या तीस वर्षांच्या आहेत आणि खाली उभी असलेली माणसं लाखांनी आहेत, हे आईबापांना हळूच सांगावं. आपल्याकडे डीमार्टचं घ्या. राधाकिशन दमाणी मूळचे शेअरबाजारातले. किराण्याचा हात बसवायला त्यांनी आधी नेरुळला ‘अपना बझार’चं दुकान चालवायला घेतलं होतं. हे अपना बझार म्हणजे १९४८ साली नायगावात, गिरणी कामगारांच्या वस्तीत, सहकारातून उभं राहिलेलं. गिरणगावच्या माणसांनी चार पैसे वाचावेत म्हणून काढलेल्या संस्थेत देशातल्या एका मोठ्या धनिकाची उमेदवारी झाली, ही गोष्ट सहकारी चळवळीवाले पुरेशा तोऱ्यात सांगत नाहीत. २००२ साली पवईला पहिलं डीमार्ट निघालं. नेव्हिल नोरोन्हा २००४ साली हिंदुस्थान लिव्हर सोडून तिथे आले, पुढे मुख्याधिकारी झाले आणि हाती असलेल्या शेअरच्या भावामुळे देशातल्या सगळ्यात श्रीमंत पगारदारांमध्ये त्यांची गणना व्हायला लागली. मार्च २०१७ मध्ये कंपनीचा शेअर २९९ रुपयांना विक्रीला आला आणि बाजारात पहिल्याच दिवशी दुपटीच्या वर गेला. तेव्हा अर्ज करूनही ज्यांना शेअर लागला नाही अशी माणसं आजही डाळीच्या पोत्याशी दोन क्षण थबकतात.

इकडे गेल्या काही वर्षांत दहा मिनिटांत सामान घरी येऊ लागलं आहे. त्यासाठी गल्लीबोळांत गोदामं उघडली आहेत. तिथे फळ्या आहेत, पिकर आहेत, बारकोड आहेत, मॅनेजर आहे. नाही ते फक्त गिऱ्हाईक. त्याला आत प्रवेशच नाही. घरपोच सामान आणणारा पोऱ्या परत आला आहे, आता मोटरसायकलवर. त्याला शिव्या वाण्याऐवजी मोबाइल घालतो आणि पलीकडच्या गल्लीत दुकान टाकायची सोय मात्र बुडाली. या सगळ्याचा अर्थ असा की सॉन्डर्सनी १९१६ साली आपल्याला जी नोकरी दिली ती आता जायला लागली आहे. कपात पहिल्यांदा बिनपगारींची होते आहे.

तेव्हा आहे तोवर ती नोकरी जरा धड करू या. ट्रॉली रस्त्यात आडवी घालून गावाकडच्या गप्पा मारू नका. सुटे असतील तर द्या. बिलिंगच्या मुलीने नंबर विचारला तर एका दमात दहा आकडे सांगा, तिच्या मागे रांग आहे. आणि हात जोडून एक विनंती. घेतलेलं पनीर काउंटरपर्यंत पोचता पोचता नको झालं तर ते बिस्किटांच्या पुड्यामागे लपवून जाऊ नका. ते संध्याकाळी कोणालातरी शोधावं लागतं, आणि तोवर ते फेकायच्या लायकीचं झालेलं असतं. पनीरचा फ्रिज दुधाच्या शेजारी, डाव्या हाताला आहे.